‘बघतो’ म्हणजे ‘येतो’ नव्हे

(जुळे सोलापुरातून आलेलं हे पत्र बरंच मोठं होतं. लिहिणाऱ्या ताईंच्या परवानगीने, ओळख पटणार नाही अशा बेताने कापून देत आहे. बाहेरगावच्या वाचकांसाठी: गड्डा म्हणजे आपल्या सिद्धरामेश्वरांची जानेवारीतली यात्रा, आणि अक्षता म्हणजे त्यात भोगीला होणारा लग्नसोहळा.)

‘मी ५८ वर्षांची. मिस्टर एस.टी.तून निवृत्त झालेत. एकुलता एक मुलगा पुण्यात कंपनीत आहे, लग्नाला तीन वर्षं झाली. त्याच्या शिक्षणासाठी मी बारा वर्षं घरातून कडक भाकरी आणि शेंगाची चटणी करून विकली. या भोगीला तो आणि सूनबाई गड्ड्याला येतील म्हणून दोन दिवस आधीपासून तयारीला लागले. फोनवर तो म्हणाला होता, “बघतो आई, जमलं तर.” मी पंचवीस शेंगाच्या पोळ्या केल्या. आदल्या रात्री हुतात्मा एक्स्प्रेस यायच्या वेळेला गेटपाशी जाऊन उभी राहिले. साडेअकराला मेसेज आला, “सॉरी आई, रिलीज आहे, पुढच्या महिन्यात येतो.” दुसऱ्या दिवशी मी अक्षतेला गेले नाही. कोरोनाची वर्षं सोडली तर आयुष्यात पहिल्यांदा चुकली. सूनबाईने ऑनलाइन साडी पाठवलीय, ते पार्सल अजून फोडलं नाही. पोळ्या तिसऱ्या दिवशी वाटून टाकल्या.

हे एकच नाही. समोरच्या वहिनींच्या सासूबाई दवाखान्यात होत्या तेव्हा मी पंधरा दिवस डबा नेला. माझं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं, तेव्हा वहिनी एकदाही डोकावल्या नाहीत. मिस्टरांनी चौतीस वर्षांत “भाजी छान झालीय” म्हटलेलं मला आठवत नाही. सगळे सांगतात, अपेक्षाच ठेवू नकोस म्हणजे दुःख होणार नाही. भजनी मंडळातही हेच ऐकते. पटतं, पण जमत नाही. अपेक्षा न ठेवायला कसं शिकायचं, एवढंच सांगा.’

ताई, नमस्कार.

तुमचं पत्र वाचताना मी पोळ्यांपाशी थांबले. शेंगाची पोळी काही पुरणपोळीसारखी नाजूक नसते. कूट, गूळ, वेलदोडा, पातळ लाटणं, मंद आचेवर खरपूस भाजणं; नीट झाली तर आठ-दहा दिवस डब्यात सुखाने राहते. म्हणून तर आपल्याकडच्या बाया ती परगावी जाणाऱ्याच्या पिशवीत घालतात. तुम्ही बारा वर्षं भाकरी-चटणीचा धंदा केलात, तुम्हाला हे मी सांगायची गरज नाही. तरी तिसऱ्या दिवशी पोळ्या घरातून गेल्या. त्या खराब झाल्या नव्हत्या. तो डबा डोळ्यांसमोर नको झाला होता. मला तुमचं दुःख किती आहे ते तिथे कळलं, म्हणून त्याला ‘एवढंसं काय त्यात’ असं मी म्हणणार नाही आणि कुणी म्हटलं तर ऐकूनही घेऊ नका.

आता तुमचा प्रश्न. अपेक्षा न ठेवायला कसं शिकायचं? ते मी शिकवणार नाही. ते जमतं यावर माझा विश्वास नाही, आणि जमलं तरी घरात राहणाऱ्या माणसाने ते करू नये असं मला मनापासून वाटतं. ज्यांनी सगळ्याचा त्याग केला त्यांची गोष्ट वेगळी. तुम्हाला घर चालवायचंय, नवऱ्यासोबत म्हातारं व्हायचंय, मुलाची वाट बघायची आहे. ज्याच्याकडून काहीच अपेक्षा नाही असा माणूस आपल्याला रस्त्यात रोज भेटतो, त्याला आपण परका म्हणतो. पोटच्या पोराला परका करून मिळणारी शांतता तुम्हाला खरंच हवी आहे का? मला वाटतं, तुम्हाला दुखायचं थांबायला हवंय. त्यासाठी दुसरी वाट आहे.

आपण सोलापूरकर अपेक्षा न ठेवता एक आठवडासुद्धा जगू शकणार नाही. नळाचंच बघा. वर्षानुवर्षं आपल्याला तीन, चार, कधी पाच दिवसांआड पाणी येतं. म्हणून आपण ‘पाण्याची अपेक्षाच सोडा’ असं म्हणतो का? आपण पाळी कधीची ते विचारतो, बॅरल भरून ठेवतो, पाणी रात्री दोनला येणार असेल तर रात्री दोनला उठतो. एखाद्या दिवशी पाळी चुकली तर संताप येतो, पण पाण्यासाठी कुणी मनात कुढत बसत नाही, कारण पाण्याची पाळी उघड असते. कधी यायचं होतं, आलं की नाही, कुणाला विचारायचं, सगळं ठाऊक असतं. माणसांच्या बाबतीत आपण अपेक्षा ठेवतो आणि पाळी कुणाला सांगतच नाही. समोरच्याला ठाऊकच नसतं की आज त्याच्या नावाने घागर मांडून ठेवलीय.

तुमच्या मुलाने काय शब्द वापरले ते तुम्हीच पत्रात लिहिलंय: ‘बघतो आई, जमलं तर.’ ताई, आपल्या भाषेत ‘बघतो’ म्हणजे काय हे तुम्ही मी दोघी जाणतो. दुकानात साडी उलगडून बघितली आणि घ्यायची नसली की आपण ‘बघते, येते परत’ म्हणतो. स्थळ पसंत नसलं की ‘बघू, कळवतो’ म्हणतात. तोंडावर नाही म्हणायचं नसतं तेव्हा वापरायचा हा शब्द आहे. ज्याला यायचंच असतं तो आपला सोलापुरी मुलगा कसा बोलतो? ‘येतो की!’ त्या ‘की’मध्ये तिकीट काढल्याची खात्री असते. तुमच्या मुलाच्या बोलण्यात तो ‘की’ नव्हता. तुम्ही तो आईच्या कानाने जोडून घेतलात.

यात त्याची चूक नाही असं मी म्हणत नाही. आहे, आणि स्पष्ट आहे. कामाचा बोजा आहे हे त्याला त्या रात्री साडेअकराला कळलं नसणार. दोन दिवस आधी एक फोन करून ‘आई, या वेळी होत नाही’ म्हणायला त्याला जड गेलं, म्हणून त्याने ते शेवटच्या तासावर ढकललं आणि तुम्ही थंडीत गेटपाशी उभ्या राहिलात. हे त्याला कळायला हवं, आणि ते तुमच्याच तोंडून कळायला हवं. पण भोगीला आईला काय वाटतं, अक्षतेला सगळ्यांनी मिळून जाणं तिच्यासाठी काय आहे, हे तुम्ही त्याला कधी सरळ शब्दांत सांगितलंय का? पत्रात तरी मला तसं कुठे दिसलं नाही. पुण्यातल्या कंपनीच्या सुट्ट्यांच्या यादीत आपली अक्षता नसते. त्याला रजा मागावी लागणार, ‘आमच्या गावची यात्रा आहे’ हे गड्डा म्हणजे काय ते माहीत नसलेल्या साहेबाला समजावून सांगावं लागणार. एवढी खटपट माणूस कधी करतो? ती गोष्ट किती मोठी आहे हे कुणीतरी नीट सांगितलं की करतो.

तुम्ही म्हणाल, यात सांगायचं काय, त्याला समजत नाही का? लहानपणी खांद्यावर बसून नंदीध्वज बघितलेत त्याने.

यासाठी एक प्रयोग सांगते. १९९० मध्ये अमेरिकेत स्टॅनफर्ड विद्यापीठात एलिझाबेथ न्यूटन या विद्यार्थिनीने तो केला. काही जणांना सांगितलं, ओळखीच्या गाण्याची चाल टेबलावर बोटांनी वाजवा. समोर बसलेल्याने ती ओळखायची. वाजवणाऱ्यांना आधी विचारलं, किती लोक ओळखतील? ते म्हणाले, निम्मे तरी ओळखतील. प्रत्यक्षात १२० गाण्यांपैकी तीन ओळखली गेली. वाजवणाऱ्याच्या डोक्यात अख्खं गाणं चालू असतं, शब्द, सूर, सगळं. समोरच्याला ऐकू येते नुसती टकटक. वाजवणाऱ्यांना खरंच नवल वाटत होतं की एवढं सोपं याला कसं कळत नाही!

आज दुपारी मिस्टरांना समोर बसवा आणि रोजची आरती ताटावर बोटांनी वाजवून बघा. शब्द उच्चारायचे नाहीत. मग मला काय म्हणायचंय ते कळेल. ‘यंदा गर्दी फार होणारे म्हणे’, ‘बाजारात घेवडा छान आलाय’, ‘सोलाणे आणलेत बघ’, असं तुम्ही फोनवर बोलला असाल. तुमच्या डोक्यात त्या वेळी भोगीची भाजी, तीळ लावलेली भाकरी, पाटावर बसलेला मुलगा, शेजारी सूनबाई, असं सगळं गाणं चालू होतं. त्याला पोचली ती टकटक.

हे मी पुस्तकातून शिकले नाही. माझे यजमान आजारी होते तेव्हा माझा धाकटा भाऊ तीन महिन्यांत दोनदा आला, दोन्ही वेळा अर्धा तास. मी त्यावर पाच वर्षं मनात कुढत राहिले. भाऊबीजेला ओवाळायचे, हसायचे आणि आतून दर वर्षी एक चटका बसायचा. एकदा न राहवून बोलले. त्याचा चेहरा पडला. म्हणाला, ‘ताई, मी रोज फोन करत होतो. तू रोज म्हणायचीस, सगळं ठीक आहे, तू तुझं काम बघ.’ आणि ते खरं होतं. मी अगदी याच शब्दांत म्हणत होते. त्याने माझे शब्द खरे धरले, याचा मी पाच वर्षं राग धरला होता. तो न विचारता आला असता तर फार बरं झालं असतं, हे मला आजही वाटतं. पण मी ‘ये’ म्हटलं असतं तर तो आला असता, हेही तितकंच खरं. ती पाच वर्षं आम्हा दोघांनाही परत मिळाली नाहीत.

तुम्ही पत्रात आणखी एक विचारलंय, जे मी वर छापलेलं नाही: ‘वाईट तर काहीच घडलं नाही, तो फक्त आला नाही; मग एखादी वस्तू हरवल्यासारखं का वाटतं?’ प्रश्न छान आहे. वोल्फराम शुल्ट्झ नावाच्या मेंदूशास्त्रज्ञाचं काम इथे उपयोगी पडतं. त्यांनी माकडांना सवय लावली, की दिवा लागला की थोड्या वेळाने फळाच्या रसाचा घोट मिळणार. मेंदूतल्या डोपामिन नावाचं रसायन सोडणाऱ्या पेशी काय करतात ते ते मोजत होते. सुरुवातीला रस मिळाला की त्या पेशी उसळायच्या. सवय झाल्यावर त्या नुसता दिवा लागला तरी उसळायला लागल्या आणि रस मिळाल्यावर काही विशेष होईनासं झालं. मग एकदा दिवा लावला आणि रस दिलाच नाही. ज्या क्षणी रस यायचा होता, नेमक्या त्या क्षणी त्या पेशींचं काम नेहमीच्या पातळीच्याही खाली गेलं. जे मिळायचं ठरलेलं असतं ते न मिळणं मेंदू ‘काही घडलं नाही’ असं धरत नाही, तो त्याला तोटा धरतो. तुमचा दिवा फोनवर लागला. हुतात्मा यायच्या वेळेला तुम्ही गेटपाशी उभ्या होतात, तो रसाचा क्षण होता.

सोलापूरकराला ‘पातळीच्या खाली’ ही भाषा उजनीमुळे वेगळी समजावून सांगावी लागत नाही. धरण एकूण ११७ टीएमसीचं (एक टीएमसी म्हणजे एक अब्ज घनफूट पाणी), त्यातला ६३ टीएमसीच्या आसपास मृतसाठा. टक्केवारी मोजतात ती त्याच्या वरच्या पाण्याची. म्हणून पेपरात ‘उजनी शून्यावर’ असं छापून येतं, तेव्हा धरणात अर्ध्याहून जास्त पाणी असतं. त्याच्याही खाली गेलं की उणे. २०२४ च्या उन्हाळ्यात हा आकडा उणे पन्नासच्याही खाली गेला होता आणि तरीही आपण त्याच पाण्यावर तगलो.

मला तुमच्या पत्रातही तेच दिसलं. तुम्ही शून्य बरंच वर धरलंय. मुलगा भोगीच्या आदल्या रात्री येणार, सूनबाई येणार, दोघं अक्षतेला बरोबर चालणार, पोळी खाऊन ‘आई, तुझ्यासारखी कुणाला जमत नाही’ म्हणणार; हे सगळं झालं तर शून्य. म्हणजे सगळं मनासारखं झालं असतं तरी तुमच्या खात्यात जमा काहीच पडलं नसतं, फक्त वजा झालं नसतं. आणि त्या रेषेखाली जे पाणी आहे ते मोजायचंच राहून गेलंय. मुलगा नोकरीला लागला, तुमच्या भाकरीच्या पैशांवर शिकला हे विसरला नाही (हे तुम्हीच दुसऱ्या पानावर लिहिलंय, पहिल्या पगारात त्याने तुम्हाला मिक्सर आणला म्हणून), दर रविवारी फोन करतो, सुनेने स्वतः निवडून साडी पाठवली. याला मृतसाठा म्हणून सोडून देऊ नका. पण हेही सांगते, यावर समाधान मानून गप्प बसा असं मला म्हणायचं नाही. उजनीत खाली ६३ टीएमसी आहे म्हणून आपण पावसाची वाट बघायचं सोडत नाही.

मिस्टरांबद्दल थोडक्यात. वर सांगितलं ना, सवय झाल्यावर रस मिळूनही काही विशेष होईनासं होतं? चौतीस वर्षं रोज चांगलं जेवलेल्या माणसाचं तेच होतं. ते दुसरी भाकरी मागून घेत असतील तर ती त्यांची पावती, पण तुम्हाला शब्द हवे असतील तर सरळ मागा. वाढून झाल्यावर समोर बसा आणि विचारा, ‘कशी झालीय?’ पहिल्या दिवशी ते चमकतील. ‘बरीय’ म्हणतील. तुम्ही म्हणा, ‘बरी नको, नीट सांगा.’ मागून मिळालेल्या कौतुकाला काय किंमत, असं मनात येईल. पाणी मागून मिळालं म्हणून तहान कमी भागते का?

समोरच्या वहिनींचं मात्र मी वेगळं धरते. पंधरा दिवस ज्या घरात डबा नेला, त्या घरातल्या बाईने ऑपरेशननंतर एकदा येऊन डोळ्याला काय म्हणतंय विचारावं, ही अपेक्षा अजिबात जास्त नाही. तुमचं इथे काही चुकलं नाही. डबा तुम्ही उसना दिला नव्हता, वाटीभर साखरेसारखा तो मोजून परत यायचा नव्हता, हे खरं. पण माणुसकीची एवढी परतफेड न बोलताही ठरलेली असते. त्यांच्या घरी काही अडचण असेल तर ती कळेपर्यंत मन कडू करू नका, एकदा विचारा: ‘माझ्या ऑपरेशनच्या वेळी तुमची वाट बघितली हो मी.’ एवढंच वाक्य. त्यावर त्या ओशाळल्या तर जुनं नातं परत मिळेल. उडवून लावलं तर पुढच्या वेळी डबा नेताना तो कशासाठी नेताय ते तुम्हाला ठाऊक असेल. न्यायचा नसेल तर नेऊ नका, त्यात काही पाप नाही.

हे सदर वाचणाऱ्या इतर आयाबायांसाठी इथे दोन ओळी लिहायलाच हव्यात. सणाला मुलगा येणं ही इच्छा असते. म्हातारपणी औषधपाणी आणि दोन वेळचं जेवण हा हक्क असतो. दोन्हीला ‘अपेक्षा’ हा एकच शब्द लावून ‘अपेक्षा ठेवू नये’ म्हणणाऱ्यांनी पुष्कळ बायकांचा हक्क गिळलाय, म्हणून माझा या उपदेशावर राग आहे. स्वतःच्या कमाईवर वा मालमत्तेवर भागत नसेल आणि मुलं सांभाळत नसतील तर आईवडिलांसाठी २००७ चा निर्वाह व कल्याण कायदा आहे. प्रांताधिकाऱ्यांपुढच्या न्यायाधिकरणात अर्ज करता येतो, महिन्याला दहा हजार रुपयांपर्यंत निर्वाहभत्ता मिळू शकतो. ज्येष्ठांसाठी १४५६७ ही मदतवाहिनी आहे. घरात मारहाण असेल, पैसे अडवले जात असतील, तर तिथे शून्य खाली आणायचं नाही.

आणि ताई, तुमच्यासाठी एक: तुम्ही लिहिलंय की महिना झाला, जेवणावरून मन उडालंय, पहाटे तीनला जाग येते. दोन आठवड्यांच्या वर असं चाललं की ते नुसतं मुलाच्या न येण्याचं दुःख समजू नका. डॉक्टरांशी बोला, किंवा १४४१६ वर फोन करा. टेली-मानस नावाची ती सरकारी सेवा आहे, मराठीत बोलता येतं, पैसे लागत नाहीत. साखर वाढली की आपण तपासायला जातोच ना.

आता अक्षतेकडे येते, कारण तुमच्या पत्रातली मला सगळ्यात लागलेली ओळ तीच: ‘मी अक्षतेला गेले नाही.’ मुलगा आला नाही हे त्याचं. पण अक्षता तर तुमची होती! लहानपणापासूनची. संमती कट्ट्यापाशी दाटीत उभं राहायचं, सातही नंदीध्वज येताना बघायचे, बाराबंदी घातलेल्या माणसांनी गर्दी पांढरीशुभ्र झालेली, आणि ‘सत्यम् सत्यम् दिड्डम् दिड्डम्’ कानावर पडलं की मुठीतले तांदूळ उधळायचे. ते तुमच्याकडून कुणी काढून घेतलं नव्हतं. मुलाच्या येण्याला ते तुम्ही स्वतःच बांधून टाकलंत, आणि तो आला नाही तेव्हा तेही गेलं. पुढच्या वर्षी काहीही होवो, त्या दिवशी तुम्ही घरी बसायचं नाही. तो आला तर बरोबर, नाही आला तर मिस्टरांबरोबर, तेही नसतील तर एकट्या.

आणि आपण ज्यासाठी तांदूळ उधळतो ती गोष्ट आठवा. आख्यायिका अशी, की सिद्धरामांच्या अंगणात रोज सडा-रांगोळी घालणाऱ्या कुंभारकन्येच्या मनात त्यांच्याशी लग्न करायचं आलं. तिने ते मनात ठेवलं नाही, बोलून दाखवलं. केवढं धाडस आहे ते, बाराव्या शतकातल्या मुलीचं! आणि योग्याने काय केलं? ‘बघतो’ म्हटलं नाही. लग्न करता येणार नाही हे स्पष्ट सांगितलं आणि जे देता येत होतं ते दिलं, आपला योगदंड. त्या योगदंडाशी तिचं लग्न लागलं. आज तेच लग्न अख्खं सोलापूर दर वर्षी लावतं. त्या कथेचा शेवट तिच्या होमात जाण्याने होतो, तो मी कुणाही बाईपुढे आदर्श म्हणून ठेवणार नाही. मला त्यातला तेवढाच क्षण हवाय: एकीने मागितलं, दुसऱ्याने काय देता येईल आणि काय नाही ते सांगितलं.

तर मुलाशी असंच बोला. रविवारी त्याचा फोन येईल तेव्हा नको, तो बहुतेक घाईत असतो. तुम्ही आधी मेसेज करा की मला पंधरा मिनिटं बोलायचंय. मग रडू आलं तरी चालेल, पण बारा वर्षांच्या भाकऱ्या मध्ये आणू नका. ते खरं आहे, मोठं आहे, पण त्या भाकऱ्या तुम्ही त्याला शिकवायला केल्या होत्या आणि तो शिकला. तो हिशेब पुरा झालाय. तो परत उघडलात तर मुलगा पुढच्या वेळी येईल, पण कर्जाचा हप्ता भरायला आल्यासारखा येईल, आणि ते तुम्हाला आणखी बोचेल.

असं काहीसं बोलता येईल: ‘त्या रात्री मी गेटपाशी उभी होते. मला फार वाईट वाटलं. मला कळलं नाही की तुझं “बघतो” म्हणजे “नाही” आहे. पुढच्या भोगीला तू घरी असावंस असं मला वाटतं, अक्षतेला आपण चौघांनी जावं असं वाटतं. जानेवारीच्या पाच तारखेपर्यंत मला सांग. नाही म्हणालास तरी मी समजून घेईन, पण बघतो म्हणू नकोस.’

शेवटचं वाक्य खरं असेल तरच बोला. नाही ऐकायची तयारी नसेल तर आणखी चार दिवस थांबा. त्याने नाही म्हटलं तर एक दिवस वाईट वाटेल, पण ते पाच तारखेला वाटेल, घरात, उजेडात, आणि पोळ्या लाटायच्या आधी. मग वाटलं तर लाटा, त्यातल्या बारा पुण्याला कुणाबरोबर तरी पाठवा. नाही वाटलं तर तुम्हा दोघांपुरत्या चार करा.

एक काम मात्र आजच करा. ते पार्सल फोडा. सूनबाईचा यात काही दोष नाही, ‘बघतो’ तिने म्हटलेलं नाही. तुम्हाला ती स्वतः घरी यायला हवी होती आणि साडी आली, हे मला समजतं. पण दुकानात हजार साड्या असताना तिने त्यातली एक तुमच्यासाठी निवडली. ती कशी आहे, हे अजून तुम्ही बघितलेलंही नाही. नेसून एक फोटो तिला पाठवा. रंग कोणता निघाला ते मलाही कळवा.

तुमची,
ताई